आधी सॅम्पल, मग बीम: थोड्या पैशांत टेक्नॉलॉजीचे शेअर पारखण्याची पद्धत

चादरीचं नवं डिझाइन थेट पूर्ण ऑर्डरीसाठी मागावर कुणी चढवत नाही. आधी एक-दोन नग काढतात, धुऊन रंग टिकतो का बघतात, व्यापाऱ्याच्या हातात देतात, आणि मगच बीम, म्हणजे पूर्ण ऑर्डरीच्या सुताचा रूळ, भरतात. सोलापूरच्या घराघरांत ठाऊक असलेली ही रीत शेअर घेताना मात्र विसरली जाते. कुणाचा तरी फोन येतो आणि वर्षभराची बचत एकाच कंपनीत जाऊन बसते.

या लेखातली पद्धत सॅम्पलचीच आहे. आठ टेक्नॉलॉजी कंपन्यांत थोडे-थोडे पैसे घालायचे, दोन तिमाहींचे निकाल वाचायचे, आणि ज्या कंपन्यांनी कामातून स्वतःला सिद्ध केलं त्यांच्यातच पुढचे पैसे वाढवायचे. पहिले पैसे कमाईसाठी नसतात. ते लक्ष लागावं म्हणून असतात, कारण कागदावर लिहिलेल्या कंपनीचा निकाल आपण वाचत नाही, स्वतःचे तीन हजार असले की वाचतो.

लेखात कंपन्यांची नावं येतील ती उदाहरणादाखल. ‘ही घ्या’ असा त्याचा अर्थ नाही.

आधी गणित बघा

आठ कंपन्यांत प्रत्येकी ३,००० रुपये, म्हणजे २४,००० घातले असं धरू. चार कंपन्या ३० टक्क्यांनी पडल्या: तोटा ३,६००. तीन जागच्या जागी राहिल्या. एक काही वर्षांत पाचपट झाली: नफा १२,०००. एकूण ८,४०० रुपये फायदा, तोही निम्म्या निवडी चुकलेल्या असताना.

आता बहुतेक नवे लोक काय करतात ते बघा. वर गेलेली कंपनी २५ टक्क्यांवर ‘नफा खिशात’ म्हणून विकतात आणि पडलेल्या चार धरून ठेवतात. नफा ७५०, तोटा ३,६००, म्हणजे २,८५० रुपयांचं नुकसान. निवड तीच, कंपन्या त्याच, फक्त कुठली ठेवली आणि कुठली विकली एवढ्याने निकाल उलटला. पाचपट होणारी कंपनी आठांत असेलच याची हमी कुणी देऊ शकत नाही. पण असलीच तर ती हातात राहावी, यासाठी पुढचे सगळे नियम आहेत.

## १. पैसे वेगळे काढा

सहा महिन्यांचा घरखर्च बँकेत मुदत ठेवीत किंवा बचत खात्यात आधी असू द्या. पिग्मीचे, भिशीचे, बचत गटाच्या कर्जाचे पैसे यात आणू नका. त्यांची परतफेडीची तारीख ठरलेली असते आणि बाजार ती तारीख पाळत नाही. सोनं गहाण ठेवून तर मुळीच नको.

समजा पाच वर्षं लागणार नाहीत असे ६०,००० रुपये आहेत. त्याची वाटणी अशी करा:

- चाचणीसाठी २४,००० (८ कंपन्या × ३,०००)
- वाढवण्यासाठी राखीव ३६,०००

राखीव रक्कम लिक्विड फंडात (कमी जोखमीचा, पैसे लवकर काढता येणारा फंड) किंवा बचत खात्यात ठेवा. ट्रेडिंग खात्यात पडून राहिलेले पैसे ‘हेही घेऊन टाकू’ म्हणत संपतात. तुमची रक्कम वेगळी असेल तर प्रमाण हेच ठेवा: चाळीस टक्के चाचणीला, साठ टक्के राखीव.

## २. खातं उघडा, आणि नावाचं स्पेलिंग तपासा

शेअर घ्यायला ब्रोकरकडे, म्हणजे शेअर दलालाकडे, ट्रेडिंग खातं (खरेदी-विक्रीचं) आणि डीमॅट खातं (शेअर ठेवायचं) लागतं. त्यासाठीची कागदपत्रं:

- पॅन कार्ड, आधारशी जोडलेलं
- आधार, आणि त्याला जोडलेला चालू मोबाइल नंबर (ओटीपी त्यावरच येतो)
- बँक खात्याचा रद्द केलेला चेक किंवा पासबुकचं पहिलं पान
- पांढऱ्या कागदावर निळ्या किंवा काळ्या पेनने केलेली सही
- नॉमिनीचं नाव, जन्मतारीख आणि ओळखपत्राचा तपशील

उत्पन्नाचा पुरावा फक्त फ्यूचर्स-ऑप्शन्स (पुढच्या भावावरचे सौदे) सुरू करायला लागतो. तो देऊ नका आणि तो विभाग बंदच राहू द्या. सेबी या बाजार नियामकाने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत तिथले शंभरातले ९३ वैयक्तिक ट्रेडर तोट्यात गेले.

सोलापुरात अर्ज अडकण्याचं एक नेहमीचं कारण म्हणजे नाव. तेलुगू आणि कन्नड आडनावांचं इंग्रजी स्पेलिंग आधारवर एक, पॅनवर दुसरं आणि पासबुकावर तिसरं असतं. कुठे वडिलांचं नाव मधे, कुठे आद्याक्षर पुढे. आधी तिन्ही कागद शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर जुळवा. फरक असेल तर दुरुस्ती करून मगच अर्ज भरा, नाहीतर महिनाभर ‘पेंडिंग’ दिसत राहतं. दुसरं, तुमचं खातं नागरी सहकारी बँकेत असेल तर ब्रोकरच्या यादीत ती बँक आहे का, हे आधी बघा.

खातं उघडताना बीएसडीए, म्हणजे मूलभूत सेवा डीमॅट खातं, मिळतं का विचारा. तुमच्या नावावर एकच डीमॅट असेल आणि त्यातल्या शेअरची किंमत ४ लाखांपर्यंत असेल तर वार्षिक देखभाल फी शून्य असते, आणि ४ ते १० लाखांसाठी १०० रुपये. ब्रोकरचा नोंदणी क्रमांक ‘आयएनझेड’ ने सुरू होतो. तो सेबीच्या संकेतस्थळावर टाकून खात्री करा.

## ३. चाचणी किती मोठी असावी

पाचशे रुपयांची चाचणी का नको, हे खर्चावरून कळतं. डिलिव्हरीने, म्हणजे डीमॅटमध्ये ठेवायला, शेअर घेताना ०.१ टक्का आणि विकताना ०.१ टक्का एसटीटी (शेअर व्यवहारावरचा कर) लागतो. खरेदीवर ०.०१५ टक्का मुद्रांक शुल्क. हे सगळं टक्क्यांत असल्यामुळे रकमेबरोबर कमी-जास्त होतं. पण विकताना एक ठोक खर्च येतो: डीपी चार्ज, म्हणजे डीमॅटमधून शेअर काढण्याची फी. एका कंपनीचे शेअर ज्या दिवशी विकाल त्या दिवसाला साधारण १५ ते २० रुपये, मग तुम्ही एक शेअर विका की शंभर.

३,००० रुपयांच्या चाचणीत येण्या-जाण्याचा एकूण खर्च २५ रुपयांच्या आसपास, म्हणजे एक टक्क्याच्या आत. ५०० रुपयांच्या चाचणीत तोच खर्च चार टक्क्यांवर जातो. तुमचा ब्रोकर डिलिव्हरीवर प्रत्येक ऑर्डरीला २० रुपये घेत असेल तर १८ टक्के जीएसटी धरून दोन्ही बाजूंचे आणखी ४७ रुपये २० पैसे. मग पाचशेच्या चाचणीत तेरा टक्के नुसत्या खर्चातच जातात. म्हणून डिलिव्हरीवर दलाली शून्य किंवा अगदी कमी असलेला ब्रोकर घ्या, आणि चाचणी अडीच-तीन हजारांच्या खाली नेऊ नका.

भारतात शेअरचा तुकडा मिळत नाही, किमान एक पूर्ण शेअर घ्यावा लागतो. काही टेक्नॉलॉजी कंपन्यांचा एकेक शेअर पाच हजारांच्या पुढे असतो. अशी कंपनी फार पसंत असेल तर एकच शेअर घ्या, वहीत रकमेसमोर ‘जास्त’ असं लिहा आणि तिचा पुढचा टप्पा तेवढ्याने कमी करा. एसएमई (छोट्या कंपन्यांच्या) विभागातल्या कंपन्या या पद्धतीत बसतच नाहीत. तिथे शेअर ठरलेल्या लॉटमध्येच मिळतात, आणि लॉट लाखाच्या घरात जातो.

## ४. आठ कंपन्या: सगळ्या एकाच वाणाच्या नकोत

‘टेक्नॉलॉजी’ हे एक नाव असलं तरी आत चार वेगळे धंदे आहेत, आणि चौघांची पारख वेगळी.

आयटी सेवा. टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल टेक, पर्सिस्टंट अशा कंपन्या. परदेशी ग्राहकाचं काम माणसांकडून करून देतात.

इंजिनिअरिंग सेवा. केपीआयटी, टाटा एलेक्सी, एल अँड टी टेक्नॉलॉजी सर्व्हिसेस. गाडी किंवा यंत्राच्या आतलं सॉफ्टवेअर बनवतात. ग्राहक उद्योग मंदावला की यांचं काम पटकन आटतं.

सॉफ्टवेअर उत्पादन आणि प्लॅटफॉर्म. न्यूजेन, इंटेलेक्ट डिझाइन यांच्यासारख्या उत्पादन कंपन्या, आणि इन्फो एज, इंडियामार्ट, इटर्नल (आधीची झोमॅटो) यांच्यासारखे प्लॅटफॉर्म.

इलेक्ट्रॉनिक्स उत्पादन. डिक्सन, केन्स, सिरमा. यांना सॉफ्टवेअर कंपनीच्या मापाने मोजू नका. मार्जिन, म्हणजे विक्रीतला नफ्याचा वाटा, सहसा बराच कमी असतो आणि भांडवल कच्च्या मालात अडकतं. हा धंदा यंत्रमागाच्या धंद्याला जास्त जवळचा आहे, त्यामुळे सोलापूरच्या वाचकाला तो लवकर समजतो.

प्रत्येक गटातून दोन घ्या. आठही आयटी सेवा कंपन्या घेतल्या तर अमेरिकेतल्या एका मंदीत सगळ्या एकत्र पडतील, आणि तुमची एकच चाचणी आठ वेळा झालेली असेल.

गाळणी लावताना हे चार प्रश्न विचारा. एकाचंही उत्तर चुकीचं आलं तर ती कंपनी सोडा.

1. गेल्या तीन वर्षांत विक्री वाढली का?
2. तीन वर्षांच्या नफ्याची बेरीज आणि व्यवसायातून आलेल्या रोख रकमेची बेरीज शेजारी ठेवा. नफा ४० + ५० + ६० = १५० कोटी आणि रोख फक्त ६० कोटी असेल तर बाकीचे ९० कुठे आहेत? प्लॅटफॉर्म अजून तोट्यात असेल तर प्रश्न असा: हातातली रोकड सध्याच्या खर्चाला किती वर्षं पुरेल? तीनपेक्षा कमी असेल तर नको.
3. प्रवर्तकांचे, म्हणजे कंपनीच्या मूळ मालकांचे, शेअर गहाण आहेत का? शेअरहोल्डिंग पॅटर्न तिमाही संपल्यावर २१ दिवसांत जाहीर होतो, त्यात हे दिसतं.
4. कंपनी एएसएम किंवा जीएसएम या निगराणी यादीत आहे का? हे एक्स्चेंजच्या संकेतस्थळावर मिळतं.

दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाचं महत्त्व सत्यम कॉम्प्युटरने शिकवलं. ७ जानेवारी २००९ रोजी अध्यक्ष रामलिंग राजू यांनी पत्र लिहून कबूल केलं की ताळेबंदातली पाच हजार कोटींहून अधिक रोकड अस्तित्वातच नव्हती. त्या एका दिवसात शेअरचा तीन-चतुर्थांशाहून जास्त भाव गेला. प्रवर्तकांनी आपले शेअर गहाण ठेवले होते. सत्यम ही देशातल्या सर्वांत मोठ्या आयटी कंपन्यांपैकी एक होती, हे लक्षात घ्या. मोठं नाव म्हणजे तपासणी झाली असं नसतं, आणि म्हणूनच एका कंपनीत किती पैसे घालायचे याला पुढे मर्यादा घातली आहे.

वार्षिक अहवाल कधीच वाचला नसेल तर सराव आपल्या गावच्या कंपनीवर करा. बालाजी अमाइन्स आणि प्रिसिजन कॅमशाफ्ट्स या दोन्ही बाजारात नोंदलेल्या आहेत. टेक्नॉलॉजीच्या नव्हेत, पण एक रसायनांची आणि एक वाहनांच्या सुट्या भागांची, त्यामुळे कारखाना, उधारी, साठा हे शब्द डोळ्यांसमोर उभे राहतात.

## ५. विकत घेण्याआधी वहीत पान लिहा

हे पान नसेल तर खरेदी नाही. एका कंपनीला एक पान, आणि त्यात पाच ओळी. नमुना बघा:

> कंपनी: क्ष (इंजिनिअरिंग सेवा)
> घेण्याचं कारण: इलेक्ट्रिक गाड्यांच्या सॉफ्टवेअरचं काम वाढतंय, मोठे ग्राहक तीनचे पाच झाले.
> दोन तिमाहींत काय दिसलं पाहिजे: विक्री मागच्या वर्षीच्या त्याच तिमाहीपेक्षा किमान १५ टक्के जास्त, ऑपरेटिंग मार्जिन १६ टक्क्यांच्या वर, उधारीचे दिवस ८० च्या आत.
> काय दिसलं तर बाहेर: सर्वांत मोठा ग्राहक गेला, उधारी १०० दिवसांवर.
> दिनांक, भाव, नग, त्या दिवशीचा निफ्टी आयटी निर्देशांक:

तिसऱ्या ओळीत आकडेच हवेत. ‘चांगली वाढ’ असं लिहिलं तर सहा महिन्यांनी कुठलाही निकाल चांगलाच वाटतो. हे आकडे कंपनीच्या गेल्या आठ तिमाहींवरून ठरवा, कुठल्या व्हिडिओवरून नको.

शेवटच्या ओळीतला निर्देशांक, म्हणजे आयटी शेअरच्या भावांचा एकत्रित आकडा, अनेकजण गाळतात. बाजार तेजीत असताना आठच्या आठ कंपन्या वर जातात आणि आपली निवड अचूक असल्याचा भास होतो. तुमची कंपनी १२ टक्के वाढली आणि निर्देशांक २० टक्के, तर ती मागे पडली आहे.

## ६. खरेदी

बाजार सकाळी ९.१५ ते दुपारी ३.३० चालतो. पहिली पंधरा-वीस मिनिटं भाव उड्या मारतो, त्यामुळे दहानंतर घ्या. ऑर्डर ‘लिमिट’ प्रकारची टाका, म्हणजे तुम्ही ठरवलेल्या भावाच्या वर खरेदी होणार नाही. आणि ‘डिलिव्हरी’ (काही अ‍ॅपवर ‘सीएनसी’) निवडलंय हे दोनदा बघा. चुकून ‘इंट्राडे’ राहिलं तर बाजार बंद होण्याआधी ब्रोकर शेअर आपोआप विकून टाकतो. नव्यांच्या हातून ही चूक नेहमी होते.

शेअर पुढच्या कामकाजाच्या दिवशी डीमॅटमध्ये येतात. व्यवहार झालेल्या महिन्यानंतर डिपॉझिटरीकडून, म्हणजे सीडीएसएल किंवा एनएसडीएलकडून, ईमेलने येणारं एकत्रित विवरण उघडून बघत जा. अ‍ॅपवर काय दिसतं यापेक्षा त्या विवरणात काय आहे, ते खरं.

आठही कंपन्या एका दिवशी घेऊ नका. आठवड्याला दोन, असे चार आठवडे.

## ७. निकाल कसा वाचायचा

सगळी पद्धत या पायरीवर उभी आहे, तेव्हा इथे घाई नको. एका कंपनीला एक तास धरा. तिमाहीला आठ तास, म्हणजे चार रविवार सकाळी दोन-दोन तास.

निकाल तिमाही संपल्यापासून ४५ दिवसांत यावे लागतात, वर्षअखेरचे ६० दिवसांत. म्हणून शेवटच्या तारखा १४ ऑगस्ट, १४ नोव्हेंबर, १४ फेब्रुवारी आणि ३० मे. मोठ्या आयटी कंपन्या महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यातच सुरुवात करतात. जानेवारीत गड्ड्याची जत्रा भरली की डिसेंबर तिमाहीचे निकाल सुरू झाले, असं लक्षात ठेवा.

बीएसई किंवा एनएसईच्या संकेतस्थळावर कंपनीचं पान उघडा. तीन कागद घ्या: निकाल, गुंतवणूकदारांसाठीचं सादरीकरण, आणि विश्लेषकांशी झालेल्या बोलण्याचा शब्दशः मजकूर. हा मजकूर पाच कामकाजाच्या दिवसांत टाकावा लागतो. सादरीकरणात कंपनी आपलं चांगलं सांगते. प्रश्नोत्तरांत तिला नको असलेलं विचारलं जातं, म्हणून वाचन शेवटून सुरू करा. व्यवस्थापन एकाच प्रश्नाला दोन तिमाही बगल देत असेल तर वहीत नोंदवा.

आयटी आणि इंजिनिअरिंग सेवांसाठी: वाढ ‘कॉन्स्टंट करन्सी’मध्ये (चलनाचा चढउतार वगळून) बघा. रुपया घसरला की रुपयातली विक्री आपोआप फुगते, त्यात कंपनीचं कर्तृत्व नसतं. तुलना मागच्या वर्षीच्या त्याच तिमाहीशी करा. ऑक्टोबर-डिसेंबरमध्ये परदेशी ग्राहकांच्या सुट्ट्यांमुळे काम कमी असतं, तेव्हा ती तिमाही सप्टेंबर तिमाहीच्या शेजारी ठेवली तर उगाच भीती वाटते. ज्या तिमाहीत पगारवाढ दिली जाते त्यात मार्जिन उतरतं, हेही नेहमीचं. पण पगारवाढ नसताना उतरलं तर कारण शोधा. पहिल्या पाच ग्राहकांकडून किती टक्के विक्री येते, आणि किती लोक नोकरी सोडून जातात, हे दोन्ही आकडे बहुतेकदा सादरीकरणात असतात.

उधारीचे दिवस स्वतः काढा. येणं भागिले वार्षिक विक्री, गुणिले ३६५. विक्री ५०० कोटी, येणं १२५ कोटी, तर ९१ दिवस. यात ‘अनबिल्ड रेव्हेन्यू’, म्हणजे बिल न फाडता विक्रीत धरलेली रक्कमही मिळवा. ती वेगळ्या ओळीत असते आणि तिथेच गोष्टी लपतात. चाटी गल्लीतला व्यापारी कापडाची उधारी ज्या नजरेने बघतो त्याच नजरेने हा आकडा बघा: माल गेला, पैसे आले का? ताळेबंद सहा महिन्यांनी एकदा येतो, त्यामुळे ही तपासणी सप्टेंबर आणि मार्चच्या निकालातच होते.

प्लॅटफॉर्मसाठी: विक्रीच्या वाढीआधी तोटा कमी होतोय का हे बघा, ग्राहक मिळवण्यावरचा खर्च विक्रीच्या प्रमाणात उतरतोय का, आणि कर्मचाऱ्यांना दिलेल्या शेअरमुळे एकूण शेअरची संख्या किती फुगतेय.

इलेक्ट्रॉनिक्ससाठी: साठा आणि येणं विक्रीपेक्षा वेगाने वाढतंय का. सणासुदीमुळे जुलै-सप्टेंबर तिमाही भरलेली दिसते, तिच्यावर भाळू नका.

आणि भाव एका रात्रीत निम्मा दिसला तर आधी बोनस किंवा स्प्लिटची तारीख तपासा. एकाचे दोन शेअर झाले की भाव अर्धा होतोच, तुमचं काही गेलेलं नसतं.

## ८. वाढवायचं कधी

टप्पे ठरलेले:

- दोन तिमाही वहीतले आकडे पूर्ण: आणखी ३,०००
- चार तिमाही पूर्ण: आणखी ६,०००
- एका कंपनीत एकूण १२,००० वर थांबा, म्हणजे ६०,००० च्या वीस टक्के

चार कंपन्यांना पूर्ण टप्पे मिळाले तर राखीव ३६,००० बरोबर संपतात. पाचवी पात्र ठरली तर नवे पैसे साठेपर्यंत थांबवा. एकही पात्र ठरली नाही तर राखीव रक्कम हलवू नका.

वाढवताना भाव बहुतेक वेळा पहिल्यापेक्षा जास्त असतो आणि हात आखडतो. इथे झोमॅटोचं उदाहरण उपयोगी आहे. जुलै २०२१ मध्ये ७६ रुपयांना शेअर आला. वर्षभराने, जुलै २०२२ मध्ये तो ४० च्या आसपास होता. एप्रिल-जून २०२३ च्या तिमाहीत कंपनीने पहिल्यांदा निव्वळ नफा दाखवला, फक्त २ कोटींचा. त्या निकालानंतर भाव नव्वदच्या आसपास, म्हणजे तळाच्या दुपटीहून जास्त. पुराव्याची वाट बघणाऱ्याने तळ गमावला, पण २०२४ च्या अखेरीस भाव तीनशेच्या आसपास होता. त्याच २०२१ मध्ये २,१५० रुपयांना आलेला पेटीएमचा शेअर पहिल्याच दिवशी २७ टक्के पडला आणि साधारण वर्षभराने पाचशेच्या खाली गेला. दोन्ही शेअर पडत होते तेव्हा नुसत्या भावावरून कुठला उठेल हे सांगता येत नव्हतं. तिमाहीच्या आकड्यांवरून अंदाज बांधता येतो, तोही उशिरा, आणि त्या उशिराची किंमत मोजायची तयारी ठेवा.

एक अट मात्र पाळा. भाव दुप्पट झाला आणि नफा १५ टक्केच वाढला, तर आकडे पूर्ण असूनही एक तिमाही थांबा. पडलेल्या कंपनीत ‘सरासरी कमी करायला’ पैसे घालणं या पद्धतीत नाही. शंभराचा शेअर पन्नासवर आला तर मूळ भावाला यायला त्याला शंभर टक्के चढावं लागतं.

## ९. बाहेर कधी पडायचं

तीन हजारांच्या चाचणीला स्टॉपलॉस (ठरलेल्या भावाखाली आपोआप विक्री) लागत नाही, जास्तीत जास्त तोटा आधीच ठरलेला आहे. विकायचं ते या कारणांनी:

- सलग दोन तिमाही वहीतले आकडे चुकले
- मुदत संपण्याआधी ऑडिटरने राजीनामा दिला (कारण काहीही सांगितलेलं असो)
- प्रवर्तकांचं गहाण वाढलं
- सहा तिमाही झाल्या आणि ना पास, ना नापास

शेवटचं कारण लोकांना पटत नाही. पण दीड वर्ष काहीच सिद्ध न करणारी कंपनी एका नव्या चाचणीची जागा अडवून बसते.

विकताना डिपॉझिटरीचा टीपिन (विक्रीला मंजुरी देणारा गुप्त क्रमांक) आणि ओटीपी लागतो. तुम्ही ‘डीडीपीआय’ची, म्हणजे विकलेले शेअर ब्रोकरने परस्पर काढून द्यायची, परवानगी दिली असेल तर लागत नाही. पहिल्या विक्रीच्या दिवशी गोंधळ नको म्हणून टीपिन आधीच मागवून ठेवा.

## १०. इथे पाय घसरतो

पुण्यातल्या नातेवाइकाची खबर. सोलापुरात असं घर विरळा, ज्यातलं कुणी हिंजवडीला किंवा खराडीला कामाला नाही. त्यांच्याकडून धंदा समजून घ्या: बेंच म्हणजे काय, ग्राहक बिल कसं फेडतो, कुठल्या कौशल्याला मागणी आहे. पण ‘आमच्या कंपनीला मोठं काम मिळालंय, अजून जाहीर व्हायचंय’ हे ऐकून शेअर घेतला तर सेबीच्या २०१५ च्या नियमांनुसार तो इनसायडर ट्रेडिंगचा गुन्हा होतो, सांगणाऱ्याचाही आणि घेणाऱ्याचाही. भाच्याची नोकरी जाईल, हे आधी डोळ्यांसमोर आणा.

ग्रुप आणि बनावट अ‍ॅप. व्हॉट्सअ‍ॅप किंवा टेलिग्रामवर ‘सर’ रोज नफ्याचे स्क्रीनशॉट टाकतात, मग एक अ‍ॅप उतरवायला लावतात. त्यात तुमचे पैसे वाढताना दिसतात, काढायला गेलं की ‘आधी टॅक्स भरा’ म्हणतात. शेअर खरेदीचे पैसे कुठल्याही व्यक्तीच्या खात्यावर जात नसतात. संशोधन विश्लेषकाचा (रिसर्च अ‍ॅनालिस्टचा) क्रमांक ‘आयएनएच’ ने आणि गुंतवणूक सल्लागाराचा ‘आयएनए’ ने सुरू होतो. दिलेला क्रमांक सेबीच्या यादीत शोधा आणि नाव जुळतं का बघा. पैसे गेलेच तर पहिल्या तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. ब्रोकरबद्दल तक्रार असेल तर आधी लेखी ब्रोकरकडे, मग सेबीच्या ‘स्कोअर्स’ या तक्रारीच्या संकेतस्थळावर.

‘तुमचं खातं आम्ही चालवतो.’ पासवर्ड आणि ओटीपी कुणालाच नको, मित्रालाही नको.

नावात ‘टेक’ किंवा ‘एआय’. नावावर जाऊ नका. वार्षिक अहवालात विक्री कशातून येते ती विभागवार बघा.

## ११. कर

बारा महिन्यांच्या आत विकलेल्या शेअरच्या नफ्यावर २० टक्के, त्यानंतर विकल्यास वर्षाला सव्वा लाखाच्या वरच्या नफ्यावर १२.५ टक्के. हे दर २३ जुलै २०२४ पासूनचे, वर उपकर वेगळा. टप्प्याटप्प्याने घेतलेले शेअर विकताना आधी घेतलेले आधी गेले असं धरतात. तोटा झाला तर विवरणपत्र मुदतीत भरा, तरच तो पुढे आठ वर्षं नेऊन नफ्यातून वजा करता येतो. दोन-तीन हजारांचा तोटा म्हणून तो सोडून देऊ नका. ब्रोकरच्या अ‍ॅपवरचा कर अहवाल एप्रिलमध्ये उतरवून सीएंकडे द्या.

## १२. पहिल्या वर्षाचं वेळापत्रक

सुरुवात जूनमध्ये करा, कारण ३० मेपर्यंत वर्षाचे सगळे निकाल आलेले असतात.

- जून: कागदपत्रं, खातं, सोळा कंपन्यांना गाळणी, आठ पानं
- जुलै: चार आठवड्यांत आठ खरेदी
- ऑगस्ट: पहिला निकाल. काही विकू नका, काही वाढवू नका. फक्त वही भरा. वार्षिक अहवालही याच सुमारास येतात.
- नोव्हेंबर: दुसरा निकाल, उधारीची पहिली तपासणी. पास झालेल्यांत ३,०००. सलग दोनदा चुकलेल्या बाहेर, त्यांच्या जागी नव्या.
- फेब्रुवारी: तिसरा निकाल, फक्त नोंद
- ३१ मेनंतर: चौथा निकाल. चारही तिमाही पास झालेल्यांत ६,०००. मग आठही कंपन्यांची एकत्र वाढ काढा आणि तेवढ्याच काळातली निफ्टी आयटी आणि निफ्टी ५० ची वाढ शेजारी लिहा.

ही शेजारची नोंद दरवर्षी करत राहा. तीन वर्षं झाली आणि तुमची आठ पानं निर्देशांकाच्या मागेच राहिली, तर नव्या चाचण्या थांबवून पुढचे पैसे इंडेक्स फंडात (निर्देशांकातल्याच कंपन्या घेणारा फंड) घाला. चालू असलेल्या कंपन्या मात्र वहीतल्या नियमांनीच विका.